पुलावर पायांस मज्जाव

मुंबईतील वांद्रे व वरळी या दोन टोकांस जोडणारा सागरी सेतू ३० जून २००९ रोजी लोकांस खुला झाला. ‘लोकांस खुला’ हे शब्द अशा प्रसंगी आपण सवयीने उच्चारतो. परंतु या सेतूच्या बाबतीत ते निम्मेच खरे आहेत. ज्याच्याजवळ मोटार आहे, अगर भाड्याच्या मोटारीचे पैसे देण्याची ज्याची ऐपत आहे, त्यास तो खुला आहे. जो पायी चालतो, सायकलीवर बसतो, दुचाकी किंवा रिक्षा हाकतो, त्यास तो पहिल्या दिवसापासून बंद आहे. पायी जाणारा मनुष्य पैसे मोजण्यास तयार असला तरी त्यास वाट मिळत नाही. कारण त्याजकडून घ्यावयाचा दरच कोणी ठरविलेला नाही. या मनाईस सोळा वर्षे उलटून गेली, आणि ती आता इतकी अंगवळणी पडली आहे की, तिजविषयी कोणास नवल वाटत नाही. ज्या गोष्टीचे नवल वाटेनासे होते, ती गोष्ट न्याय्य असो वा नसो, फार दिवस टिकते. म्हणून या मनाईचा एकदा शांतपणे विचार व्हावा, या हेतूने आम्ही आज हा विषय वाचकांपुढे मांडीत आहो.

प्रथम सेतूस त्याचे योग्य श्रेय दिले पाहिजे. त्याची लांबी सुमारे ५.६ किलोमीटर असून त्यावर जाण्यास चार व येण्यास चार अशा आठ मार्गिका आहेत. साध्या पुलास प्रत्येक गाळ्याच्या दोन्ही अंगांस खालून खांबाचा आधार असतो, आणि खांब जितके जवळ तितका पूल सोपा. परंतु खांब जवळजवळ रोवले म्हणजे होड्यांची वाट अडते. म्हणून वांद्र्याच्या बाजूच्या प्रवाहावर एक उंच मनोरा उभारून त्याच्या दोहों बाजूंस अडीचअडीचशे मीटरांचे दोन गाळे तारदोरांनी तोलून धरले आहेत. रस्त्याचे ओझे तिरप्या दोरांवाटे मनोऱ्यावर, मनोऱ्यावरून पायावर, व पायावाटे समुद्रतळाच्या खडकावर जाते. वरळीच्या बाजूसही अशाच रचनेचा दीडशे मीटरांचा एक गाळा आहे. या सर्व कामास सुमारे १६०० कोटी रुपये लागले. खुल्या समुद्रात, भरतीओहोटी व पावसाळा सांभाळून, आपल्या देशातील इंजिनिअरांनी व मजुरांनी हे काम पार पाडले ही अभिमानाची गोष्ट आहे, आणि तिचा आम्हांस यथार्थ अभिमान वाटतो.

आता हा सेतू ओलांडण्याचा अनुभव कसा असतो तो पाहू. वांद्र्याहून दक्षिणेकडे निघाले असता डाव्या हातास माहीमचा उपसागर व त्यापलीकडे माहीम-दादरची किनारपट्टी दिसते. उजव्या हातास क्षितिजापर्यंत अरबी समुद्र पसरलेला असतो. आणि समोर वरळीचे टोक, तेथील जुना किल्ला व कोळीवाडा हळूहळू मोठा होत जातो. देखावा खरोखर रमणीय आहे. परंतु ताशी ऐंशी किलोमीटरांच्या वेगाने जाणाऱ्या मोटारीस हे अंतर काटण्यास चार मिनिटांहून थोडाच अधिक वेळ लागतो. वाटेत थांबण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. चालकाची दृष्टी पुढील गाडीवर खिळलेली असते. शेजारी बसलेल्याची दृष्टी कठड्याच्या पट्ट्यांवरून घसरत जाते. मागे बसलेले मूल समुद्राकडे बोट दाखवीत असतानाच वरळी येऊन ठेपते. तेच अंतर पायी चालणारा मनुष्य तास-सव्वा तासात ओलांडील. म्हणजे सेतू व समुद्र यांचा सहवास त्यास मोटारीतील प्रवाशाच्या सुमारे सोळापट घडेल. तारदोर मनोऱ्यास कोठे व कसे बांधले आहेत, ओहोटीला खडक कोठे उघडे पडतात, कोळ्यांच्या होड्या कोणत्या गाळ्याखालून बाहेर पडतात, हे त्यास स्वस्थपणे पाहता येईल. यावरून असे म्हणण्यास हरकत नाही की, ज्यांस हा सेतू नीट पाहता आला असता त्यांस तो बंद आहे, व ज्यांस खुला आहे त्यांस तो पाहण्यास सवड नाही.

कोणी म्हणेल, पाहावयाचेच असेल तर सेतू बाहेरून पाहता येतो. वांद्र्याच्या किल्ल्यावरून, माहीमच्या वाळूवरून, दादरच्या चौपाटीवरून तो संध्याकाळी फार सुंदर दिसतो आणि हजारो लोक तो रोज पाहतात, हे खरे आहे. परंतु पूल ही भिंतीवर लावावयाची तसबीर नव्हे. पूल चालण्यासाठी असतो. ज्या वस्तूचा उपयोग करण्याचा अधिकार नाही, तिची शोभा दुरून पाहण्याचा अधिकार म्हणजे हलवायाच्या दुकानासमोर उभे राहण्याचा अधिकार होय.

सार्वजनिक वस्तूचा उपयोग सर्वांस मोकळा असावा, हे तत्त्व या प्रांतास नवे नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेकौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांनी ठराव मांडून तो संमत करवून घेतला की, सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने वगैरेंचा उपयोग अस्पृश्य मानलेल्या वर्गांस करू द्यावा. तो ठराव कागदावर राहू नये म्हणून पुढे २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांस महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. सेतूवरील मनाई व जन्मावरून केलेली ती अमानुष बंदी यांस एका तागडीत घालण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तसे करणे त्या लढ्याचे मोल कमी करणे होईल. आम्ही घेतो ते केवळ तत्त्व. सार्वजनिक सत्तेने निर्माण केलेली वस्तू ज्या वर्गास नाकारावयाची, त्या वर्गास ती का नाकारली याचे कारण देण्याचा बोजा नाकारणारावर असतो. मागणाराने आपला हक्क सिद्ध करीत बसण्याचे कारण नाही.

याच सेतूपासून फार दूर नसलेल्या एका जुन्या वाटेची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. माहीम व वांद्रे यांच्यामध्ये पूर्वी खाडी होती. ती होडीने ओलांडावी लागे, व पावसाळ्यात ते काम जिवावरचे होते. तेथे बांध घालून रस्ता करावा अशी मागणी होती, परंतु कंपनी सरकार खर्चास तयार होईना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी त्या कामासाठी १,५७,००० रुपये दिले. बांधाचे काम १८४३ साली सुरू होऊन १८४५ साली रस्ता खुला झाला. बाईंनी देणगीबरोबर जी अट घातली ती देणगीहूनही मोठी होती. या वाटेने जाणाऱ्या कोणाकडूनही सरकारने पथकर घेऊ नये, अशी ती अट होती. ज्या काळी आपल्या बहुतेक स्त्रियांस अक्षरओळखही करून दिली जात नव्हती, त्या काळी एका स्त्रीने सार्वजनिक रस्त्याचे खरे मर्म सरकारास शिकविले. गाडीवाला, डोक्यावर टोपली घेतलेली कोळीण, रिकाम्या हाताने चाललेला फकीर, या सर्वांस त्या रस्त्यावर सारखीच वाट होती. ‘माहीम कॉजवे’ या नावाने तो रस्ता आजही चालू आहे. त्यानंतर सुमारे एकशे चौसष्ट वर्षांनी त्याच दोन किनाऱ्यांच्या दरम्यान आपण जो दुसरा मार्ग बांधला, त्यावर एका मोटारीस एका खेपेस १ एप्रिल २०२४ पासून १०० रुपये पडतात, आणि कोळणीस तर शंभर रुपये देऊनही पायी जाता येत नाही. विद्येत व यंत्रात आपण पुढे गेलो यात शंका नाही. रस्ता कोणासाठी असतो या एका प्रश्नात मात्र आपण मागे आलो.

इतर देशांत काय केले तेही पाहू. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी ईस्ट नदीवर ब्रुकलिनचा पूल आहे. तो २४ मे १८८३ रोजी खुला झाला. जॉन रोब्लिंग या इंजिनिअराने त्याचा आराखडा केला, तेव्हाच पुलाच्या मध्यभागी, वाहनांच्या वाटेहून उंचावर, केवळ पायी चालणारांसाठी एक स्वतंत्र वाट राखली. गजबजलेल्या व्यापारी शहरात मोकळी हवा व मोकळी दृष्टी यांचे मोल पैशात मोजता येण्याजोगे नाही, अशी त्याची समजूत होती. काम सुरू होण्यापूर्वीच १८६९ साली तो अपघाताने वारला. त्याचा मुलगा वॉशिंग्टन याने काम हाती घेतले. परंतु नदीतळाशी दाबाच्या हवेत काम करून तोही अंथरुणास खिळला. तेव्हा त्याची पत्नी एमिली हिने गणित व बांधकामशास्त्र यांचा अभ्यास केला, नवऱ्याच्या सूचना इंजिनिअरांपर्यंत पोहोचविल्या, आणि दहा वर्षांहून अधिक काळ त्या कामावर लक्ष ठेविले. पूल लोकांस खुला होण्यापूर्वी गाडीतून तो ओलांडण्याचा पहिला मान तिलाच देण्यात आला. स्त्रीस गणित शिकवून काय करावयाचे, असे विचारणारांस याहून चांगले उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

त्या पुलावर पहिल्या दिवशी सुमारे अठराशे गाड्या व दीड लाख माणसे गेली. पायी जाणारास आरंभी एक सेंट द्यावा लागे; १८९१ साली तोही माफ झाला. पुढे त्यावरून आगगाडी व ट्राम धावू लागल्या, आणि १९०७ च्या सुमारास दररोज चार लाखांहून अधिक माणसे तो पूल ओलांडीत. मग मोटारींचा जमाना आला. १९४४ साली पुलावरील आगगाडी बंद झाली, १९५० साली ट्रामही गेली, आणि सारी वाट मोटारींस मिळाली. परिणाम काय झाला? पुलावर गर्दी पूर्वीहून अधिक दिसू लागली, पण पूल ओलांडणाऱ्या माणसांची संख्या निम्म्याहूनही खाली आली. कारण मोटार जागा पुष्कळ व्यापते आणि माणसे थोडी नेते. हा धडा शिकून त्या शहराने सप्टेंबर २०२१ मध्ये पुलावरील मोटारींची एक मार्गिका काढून घेऊन ती सायकलींस दिली. ज्या देशाने मोटार घरोघर पोहोचविली, तोच देश आज मोटारीकडून पूल थोडा थोडा परत मागतो आहे, आणि आपण मात्र मोटारीस संपूर्ण सेतू आंदण देऊन बसलो आहो.

त्याच देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को येथे गोल्डन गेट नावाचा झुलता पूल आहे. दोन मनोऱ्यांमधील त्याचा गाळा १२८० मीटरांचा असून पूल बांधला तेव्हा तो जगातील सर्वांत लांब गाळा होता. त्याच्या उद्घाटनाची पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. २७ मे १९३७ हा पहिला दिवस केवळ पायी येणाऱ्या लोकांसाठी राखून ठेविला होता, व त्या दिवशी सुमारे दोन लाख लोक पुलावर आले. मोटारींस वाट मिळाली ती दुसऱ्या दिवशी. पूल प्रथम लोकांचा, मग वाहनांचा, हे त्या शहराने एका भाषणावाचून सांगितले. आजही दक्षिणेकडे जाणाऱ्या मोटारीस तेथे पथकर पडतो, पण पायी जाणारास काही पडत नाही. एका बाजूस सहापदरी वाहतूक धावत असते, दुसऱ्या बाजूस समुद्राचे धुके अंगावर घेत लोक स्वस्थपणे चालत असतात, व मध्ये कठडा उभा असतो. जगभरचे प्रवासी तो पूल पाहण्यास जातात ते मोटारीतून चार मिनिटांत ओलांडून परत येण्यासाठी नव्हे.

परंतु परदेशाचे दाखले कशास हवेत? आपल्याच देशात कलकत्त्याचा हावड्याचा पूल आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, तो खुला झाला. त्यास सुमारे २६,५०० टन पोलाद लागले व त्यातील बहुतेक टाटांच्या कारखान्यात झाले. वाहनांसाठी ७१ फूट रुंदीचा रस्ता ठेवून दोन्ही अंगांस पंधरापंधरा फुटांचे पदपथ त्याच्या रचनेतच घातलेले आहेत. आजही हावड्याच्या स्टेशनावर उतरणारे लोक भाजीचे भारे, फुलांच्या टोपल्या, मुलेबाळे घेऊन त्यावरून लोंढ्याने चालत जातात. परकीय सत्तेच्या अमलात बांधलेल्या पुलावर पायी चालणाऱ्या हिंदी माणसासाठी तीस फूट जागा निघाली. स्वराज्यात बांधलेल्या सेतूवर त्याच्यासाठी तीन फूटही निघू नये, याचा अर्थ काय करावा?

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण ते अगदीच निराधार नाही. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. ताशी ऐंशी किलोमीटरांच्या वाहतुकीत पायी चालणारास सोडणे म्हणजे त्यास मृत्यूच्या तोंडी देणे, असे म्हणतात. हे खरे आहे. पण धोका चालणाराच्या पायांत नसून वाहनाच्या वेगात आहे. ५ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे याच सेतूवर, आधीच्या अपघातातील लोकांच्या मदतीस थांबलेल्या गाड्यांवर एक मोटार भरवेगात आदळली व पाच जण ठार झाले. त्या वेळी पादचाऱ्यांस मनाई होतीच. तिने त्या पाच जणांचे प्राण वाचविले नाहीत. जो धोका वेगामुळे उत्पन्न होतो त्यावर उपाय वेगाचा केला पाहिजे, आणि चालणारास वाहनांपासून भक्कम कठड्याने तोडून वेगळे केले पाहिजे. आम्ही वाहनांच्या मधून चालण्याची परवानगी मागत नाही. वेगळी वाट मागतो.

दुसरा आक्षेप असा की, पायी चालणारांस वाट दिली तर काही निराश लोक तेथे जीव देण्यास जातील. हा आक्षेप हलक्या मनाने उडवून लावण्याजोगा नाही. परंतु मनाई असतानाही मोटारीतून येऊन असे दुर्दैवी प्रकार या सेतूवर घडलेले आहेत. तेव्हा मनाई हा त्यावरील उपाय नव्हे हे उघड आहे. गोल्डन गेट पुलावर हीच आपत्ती अनेक वर्षे होती. त्यावर तेथील लोकांनी पूल बंद केला नाही. पुलाच्या दोन्ही अंगांस खाली पोलादी जाळे बसविले, व ते काम २०२४ च्या आरंभी पूर्ण झाले. दुःखी माणसास वाचविण्याचा मार्ग कठडा, जाळे, पहारा व आपुलकीचा शब्द हा आहे. लक्षावधी सुखी माणसांस वाट नाकारणे हा नव्हे.

तिसरा आक्षेप बांधणीचा आहे, आणि आमच्या मते तोच सर्वांत विचारार्ह आहे. सेतूच्या आराखड्यात पदपथ धरलेला नाही. तो मागाहून कसा जोडावा? दाट गर्दीचे ओझे वाहनांच्या ओझ्याहून कमी असते असे समजू नये. १९८७ साली गोल्डन गेट पुलाच्या पन्नासाव्या वाढदिवशी सुमारे तीन लाख लोक एकदम त्यावर चढले, तेव्हा पुलाच्या मध्यावरील उंचवटा ओझ्याने सपाट झाला. सुदैवाने इजा झाली नाही. ब्रुकलिनच्या पुलावर तर खुला झाल्यापासून सहाव्याच दिवशी चेंगराचेंगरी होऊन बारा माणसे मेली. म्हणून गर्दीस मर्यादा हवी, आणि कोणत्या भागावर किती माणसे एका वेळी असावीत याचा निर्णय भावनेने नव्हे, गणिताने झाला पाहिजे. पण ‘अवघड आहे’ असे म्हणणे एक, आणि ‘तपासून पाहिले व अशक्य आढळले’ असे म्हणणे दुसरे. आठ मार्गिकांपैकी कडेची एक कठडा घालून वेगळी करता येईल किंवा नाही, याचा निकाल तज्ज्ञांनी हिशेब मांडून लोकांपुढे ठेवावा. तो प्रतिकूल असेल तर आम्ही तो मान्य करू.

शिवाय ‘होणार नाही’ असे म्हणावे, तर वर्षातून एकदा ते होतेच. २०१० सालापासून जानेवारीत होणाऱ्या मॅरेथॉन शर्यतीचा मार्ग या सेतूवरून काढण्यात आला. त्या पहाटे वाहने थांबतात, आणि हजारो स्त्रीपुरुष समुद्रावरून धावत जातात. त्या दिवशी सेतू खचत नाही, शहराचा व्यापार बुडत नाही, मोटारवाले दुसऱ्या वाटेने जातात. धावणाऱ्या पायांस जी वाट देता येते, ती चालणाऱ्या पायांस देता येणार नाही, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?

चौथा आक्षेप असा की, पायी जाणारास माहीमचा जुना रस्ता आहेच; त्यास समुद्रावर चालण्याची चैन कशास हवी? हा आक्षेप आम्हांस सर्वांत कमी पटतो, कारण तो बोलणाराच्या मनातील मूळ समजूत उघडी करतो. मोटारीतून समुद्रावरून जाणे ही गरज, आणि पायी जाणे ही चैन, असा त्याचा अर्थ होतो. वस्तुतः दहा फुटांच्या खोलीत सहासहा माणसे ज्या शहरात निजतात, तेथे मोकळी हवा ही चैन नव्हे, ते औषध आहे. दिवसभर गिरणीत, दुकानात, कचेरीत राबून आलेल्या माणसास संध्याकाळी बायकामुलांसह तासभर समुद्रावर पायी हिंडता यावे, यापेक्षा स्वस्त व निरोगी सुख शहरास दुसरे कोणते देता येईल? या बाबतीत नव्या किनारी रस्त्यालगत विहारपथ करण्यात आला व त्यातील सुमारे सव्वापाच किलोमीटरांचा भाग १५ ऑगस्ट २०२५ पासून लोकांस मोकळा झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. तेथे जे सुचले ते सेतूवर सुचू नये असे नाही.

मागणी लावून धरली तर आराखडे बदलतात, याचेही उदाहरण जवळच आहे. किनारी रस्ता सागरी सेतूस जोडणारा पूल बांधताना दोन खांबांमधील अंतर साठ मीटर ठरले होते. एवढ्या अरुंद वाटेने भरतीवाऱ्यात होड्या नेणे धोक्याचे आहे, असे वरळीच्या कोळी बांधवांनी स्पष्ट सांगितले, व ते आपल्या म्हणण्यापासून हटले नाहीत. अखेर २०२२ साल संपता संपता ते अंतर १२० मीटर करण्याचे सरकारास मान्य करावे लागले. समुद्रावर ज्यांचे पोट आहे त्यांस जे साधले, ते रस्त्यावर ज्यांचे पाय आहेत त्यांस साधू नये काय? आणि आता तर कायद्याचेही बळ आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पादचाऱ्यास निर्वेध पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगून राज्यांस त्याविषयी नियम करण्यास बजाविले आहे.

आमच्या मागण्या थोड्या व व्यवहार्य आहेत. महिन्यातून एका रविवारी, पहाटेपासून काही तास, सेतूची एक बाजू वाहनांस बंद करून ती पायी व सायकलीवर येणाऱ्या लोकांस मोकळी करावी. किती माणसे एका वेळी सोडावी हे इंजिनिअरांनी ठरवावे, व पाऊसवारा असेल त्या दिवशी बंद ठेवावे. कडेची मार्गिका कायमची पदपथास देता येईल काय, याची तपासणी करून तिचा अहवाल प्रसिद्ध करावा. साध्या भाड्याच्या बसगाड्या या सेतूवरून वारंवार सोडाव्या, म्हणजे म्हाताऱ्या, पांगळ्या व दमलेल्या माणसांसही तो ओलांडता येईल. आणि पुढे जे पूल शहरात बांधले जातील, त्यांच्या आराखड्यात पदपथ आधी काढावा व मग मार्गिका मोजाव्या. वांद्र्याहून वर्सोव्याकडे जाणारा दुसरा सागरी सेतू सध्या बांधला जात आहे. त्या कामी हा विचार आजच झाला पाहिजे, कारण काँक्रीट सुकल्यावर सुधारणा महाग पडते. शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणाऱ्या, १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या बावीस किलोमीटरांच्या अटल सेतूवर पायी चालण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही. हक्काच्या भाषेसही अंतराचे भान असावे लागते. पण पाच-साडेपाच किलोमीटर ही मजल नव्हे. आपल्याकडे आषाढीच्या वारीस लाखो स्त्रीपुरुष याच्या कितीतरी पट चालतात, आणि तेही टाळमृदंगाच्या गजरात.

ज्या शहरात बहुसंख्य लोक पायी चालतात, त्या शहराच्या सर्वांत सुंदर पुलावर पायी चालणारा अपराधी ठरतो, ही स्थिती कोणी मुद्दाम दुष्टपणाने निर्माण केली असे आम्ही म्हणत नाही. आराखडा काढणारे मोटारीने येणारे होते, मंजुरी देणारे मोटारीने येणारे होते, आणि उद्घाटनास आलेलेही मोटारीनेच आले. त्यांच्या ध्यानात पायी चालणारा आलाच नाही, एवढेच. परंतु विसरल्यामुळे झालेली चूक आठवण दिल्यावर दुरुस्त करावयाची असते. ती तशीच ठेविली म्हणजे मग ती चूक राहत नाही, ते धोरण होते. अधिकाऱ्यांनी ती वेळ येऊ देऊ नये, आणि मुंबईकरांनी आपले पाय हेही एक वाहन आहे हे आपल्या नगरसेवकांस व आमदारांस पुन्हापुन्हा सांगत राहावे, एवढीच आमची उभयतांस विनंती आहे.